न वितळता जुळणारा सांधा



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने धातूंच्या सांध्याविषयी बोलावे, याचे कोणालाही नवल वाटेल. त्याला कारण झाले एक पातेले. आपण ज्याला अजूनही ‘जर्मनचे पातेले’ म्हणतो, ते ॲल्युमिनियमचे, पंगतीचे मोठे पातेले. एका लग्नात उकळत्या वरणाने भरलेले ते पातेले चुलवणावरून उतरवताना बुडाजवळचा सांधा उसवला आणि वरण एका वाढप्या मुलाच्या पायावर आले. मी पंगतीतच होतो. त्याच्या पायावर बराच वेळ थंड पाणी ओतत राहिलो आणि मग त्याला सरकारी दवाखान्यात नेले. पाय बरा झाला, डाग राहिला.

पातेल्याचा तो तडा काही महिन्यांपूर्वीच वेल्डिंग करून बुजवला होता. पाणी भरून पाहिले होते, थेंबही गळत नव्हता. यजमान बिचारे पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, “डॉक्टरसाहेब, सांधा वरून तर चांगला दिसत होता हो!”

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. फाटलेला तुकडा मी मागून घेतला आणि भिंगाखाली धरला. तुटलेल्या कडेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे होती. मध्येच एक लांबट पट्टा असा होता, की तिथे दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या होत्या. जुळल्या कधी नव्हत्याच. मग सांधा म्हणजे नेमके काय, या प्रश्नामागे मी लागलो. वाचले, कारागिरांना विचारले. मी धातुशास्त्रज्ञ नाही. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

धातूला हवा तसा आकार देण्याच्या दोन जुन्या रीती आपल्या परिसरात आहेत. पहिली वितळवण्याची. जैनूर मंडलातल्या उशेगावचे ओझा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे नक्षीकाम करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली आदिलाबादची डोकरा कला ती हीच. नेहमीचे वेल्डिंगही याच कुळातले. दोन्ही कडा वितळवायच्या, लागेल तसा तारेचा रस भरायचा आणि थिजू द्यायचे.

दुसरी रीत लोहाराची. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी बैलगाडीच्या चाकाची धाव बसवताना पाहिली असेल. लोखंडी पट्टी वाकवून तिची दोन टोके एकावर एक चढवायची, भात्याने ती पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायची, वर टाकणखार किंवा बारीक रेती टाकायची आणि ऐरणीवर घण घालायचे. ठिणग्या उडत, मळी बाहेर फेकली जाई आणि दोन टोकांची एक धाव होई. इथे लोखंडाचा रस झालेला नसतो. ते घन असतानाच मऊ होऊन एकमेकांत शिरते. दिल्लीचा लोहस्तंभ सहा टनांहून जड आहे आणि तो सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे; तोही लोखंडाचे गोळे असे तापवून, ठोकून, एकमेकांत जिरवून केलेला आहे.

मग पातेल्याला पहिली रीत का मानवली नाही? ॲल्युमिनियमचा स्वभाव आडवा आहे. हवेत ठेवलेल्या ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडची एक पातळ कातडी धरते. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण ही कातडी वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे आत रस होतो आणि वर कातडी तशीच राहते. नीट घालवली नाही तर ती दोन कडांमध्ये पदर धरून बसते. लोखंड तापताना आधी लाल, मग पिवळे होऊन कारागिराला इशारा देते. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही आणि एकदम ढासळते. शिवाय त्याचा रस हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतो, आणि थिजताना तो वायू बाहेर पडू पाहतो. त्याची छिद्रे राहतात. थिजताना धातू सुमारे सहा टक्के आकसतो, त्याने तडे जाऊ शकतात. कसबी कारागीर योग्य यंत्राने यातून मार्ग काढतो. पण पातेल्याच्या तुकड्यात मला जे दिसले, त्याचे मूळ या स्वभावात होते.

म्हणजे ॲल्युमिनियमला लोहाराची रीत हवी: न वितळवता, दाबून, एकमेकांत जिरवून. ती रीत १९९१ च्या डिसेंबरात सापडली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’मध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. तिचे नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग. आपण तिला घुसळ-सांधा म्हणू.

तिचे अवजार दिसते एखाद्या जाड खिळ्यासारखे. वर रुंद सपाट डोके, त्याला ‘खांदा’ म्हणतात. त्याच्या खाली मधोमध एक आखूड ‘खुंटी’. सहा मिलिमीटर जाडीचे पत्रे जोडायचे असतील तर खांदा साधारण १८ मिलिमीटर रुंद, खुंटी ६ मिलिमीटर जाड आणि लांबीला पत्र्याच्या जाडीहून किंचित कमी. हे अवजार ॲल्युमिनियमहून कितीतरी कठीण पोलादाचे असते. दोन्ही पत्रे कडेला कड लावून खालच्या जाड पाटावर घट्ट आवळायचे. अवजार मिनिटाला काही शे फेऱ्यांनी फिरवत खुंटी नेमकी त्या फटीत, खांदा पत्र्याला टेकेपर्यंत दाबायची आणि फिरते अवजार फटीच्या रेषेवरून हळूहळू पुढे न्यायचे. घर्षणाने आणि घुसळण्याने धातू साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे वितळण्याच्या अलीकडे थांबतो. तो लोण्यासारखा मऊ होतो आणि खुंटीभोवतून मागे सरकतो. अवजार पुढे गेले की मागे अखंड धातू राहतो. बाहेरची तार नाही, रस नाही, ठिणगी नाही. दोन्हीकडचाच धातू आपापली जागा सोडून एकमेकांत जातो, त्यातूनच सांधा बनतो.

पण घन धातू ‘वाहतो’ म्हणजे काय? त्यासाठी घरी एक प्रयोग करा. थोडी कणीक घट्ट मळा. अर्धी तशीच ठेवा, अर्धीत हळद मिसळा. दोन्हींच्या जाड पट्ट्या पोळपाटावर शेजारी शेजारी चिकटवून ठेवा. पिवळी डावीकडे, पांढरी उजवीकडे. पेन्सिलीएवढी काडी सांध्यात खुपसा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत आपल्यापासून दूर पुढे न्या. पहिली गोष्ट लगेच दिसेल: कणीक काडीला धरून वर चढते आणि मागे चर राहतो. आता काडीला पुठ्ठ्याची एक चकती घट्ट बसवून ती कणकेवर दाबत तेच करा. कणकेला वर जायला वाव राहत नाही, मग ती मागचा चर भरू लागते. खांद्याचे मुख्य काम हेच. उष्णता तो देतोच, पण झाकण बनून धातूला कोंडूनही ठेवतो.

आता सुरीने आडवा छेद घ्या. दोन्ही रंग मध्यावर सारखे मिसळलेले नसतील. काडी घड्याळाच्या दिशेने फिरत पुढे जाते, तेव्हा डाव्या बाजूला तिचा पृष्ठभाग प्रवासाच्या दिशेनेच धावतो. तिला चालती बाजू म्हणू. उजवीकडे तो उलटा, मागे येतो; ती परतती बाजू. समोरची कणीक काडीच्या पुढून उजवीकडे ढकलली जाते, परतत्या बाजूने मागे येते आणि मग डावीकडे वळून पोकळी भरते. म्हणून पिवळ्याच्या रेघा पांढऱ्यात ओढलेल्या दिसतात. सर्वांत शेवटी भरतो तो मागचा डावा कोपरा, म्हणजे चालती बाजू. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचेच काम पडणार आहे.

धातूच्या आत हे कसे पाहणार? १९९९ साली केव्हिन कॉलिगन यांनी जी युक्ती प्रसिद्ध केली ती मला डॉक्टर म्हणून फार आवडली. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत बारीक खाचा करून त्यांत पोलादाचे ०.३८ मिलिमीटरचे छर्रे रांगेने भरले, सांधा करत असताना अवजार मध्येच थांबवले आणि एक्स-रे काढला. ॲल्युमिनियममधून किरण आरपार जातात, पोलादाचे ठिपके उठून दिसतात. कोणता ठिपका कुठून निघाला आणि कुठे पोचला हे त्यामुळे कळले. त्यातून दिसले की सगळा धातू काही घुसळला जात नाही. बराचसा फक्त परतत्या बाजूने खुंटीला वळसा घालून मागे येऊन बसतो. खांद्याजवळचा वरचा धातू मात्र खरोखर ढवळला जातो आणि खुंटीच्या आट्यांनी खाली ढकलला जातो.

आम्हाला कॉलेजात औषध खलायला शिकवत. हानेमान यांची रीत अशी की काही मिनिटे खलायचे आणि मग थांबून खलाच्या भिंतीला चिकटलेली पूड खरवडून मध्ये आणायची. पुन्हा खलायचे, पुन्हा खरवडायचे. न खरवडता तासभर बत्ता फिरवला तरी कडेचे कडेला आणि तळाचे तळाला राहते. पत्र्याच्या आत खरवडायला कोण जाणार? ते काम खुंटीवरच्या आट्या करतात. वरचा धातू खाली नेण्यासाठीच त्या असतात.

आता ‘स्ट्रेन’. आमच्या वैद्यकात विकृती म्हणजे रोग. पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत स्ट्रेनलाही विकृतीच म्हणतात, पण तिथे तो दोष नव्हे, आकार किती बदलला याचे माप आहे. वह्यांची दहा सेंटिमीटर उंच चळत घ्या आणि सगळ्यात वरची वही दहा सेंटिमीटर सरकेल अशी चळत तिरकी करा. ही सरकण्याची विकृती झाली एक. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी दोन टोकांना धरून ओढली तर बहुधा दहा-वीस टक्के लांबून ती तुटते. म्हणजे विकृती ०.१ किंवा ०.२. घुसळ-सांध्यात किती? ढोबळ हिशेब करू. ६ मिलिमीटर खुंटीचा अर्धा परीघ साडेनऊ मिलिमीटर होतो. खुंटीलगतचा धातू तेवढा सरकला आणि एक मिलिमीटर पलीकडचा जागेवर राहिला, तर विकृती नऊच्या पुढे जाते. अभ्यासकांचे अंदाज पद्धतीप्रमाणे वेगवेगळे आहेत, पण ते एकेरी आकड्यापासून काही दहांपर्यंत जातात. आणि हे सगळे सेकंदाच्या छोट्याशा भागात घडते.

ओढल्यावर ०.२ ला तुटणारा धातू इथे दहापट-पन्नासपट विकृती कशी सोसतो? दोन कारणे आहेत. कणकेचा गोळा हवेत ओढला तर फाटतो, पण तळहाताखाली दाबून कितीही मळला तरी फाटत नाही. घुसळ-सांध्यातला धातूही चहूकडून दाबात असतो: खाली पाट, वर खांदा, बाजूंना थंड घट्ट धातू. तडा उघडायला जागाच नसते. दुसरे कारण धातूच्या रचनेत आहे. धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. उष्णतेत इतके मळल्यावर जुने कण मोडतात आणि त्याच क्षणी नवे, बारीक कण तयार होत राहतात. मूळ पत्र्यात कण दहा-शंभर मायक्रॉनचे असतील तर सांध्याच्या गाभ्यात ते काही मायक्रॉनचेच दिसतात. कण बारीक झाले की धातूला बळकटीही येते आणि चिवटपणाही.

या सगळ्या मळण्याचे सर्वांत मोठे फळ निराळेच आहे. ॲल्युमिनियमवरची ती ऑक्साइडची कातडी ठिसूळ असते, धातूबरोबर ती ताणली जात नाही. धातूचा पृष्ठभाग पाचपट, दहापट पसरला की कातडीचे तुकडे तुकडे होतात, मधल्या भेगांतून आतला ताजा धातू वर येतो, आणि दोन्हीकडचा ताजा धातू दाबाखाली एकमेकांना भिडतो. खरा सांधा तेव्हा होतो. लोहाराचा टाकणखार आणि घण हेच करत: कातडी घालवायची आणि ताज्याला ताजे भेटवायचे. उष्णता धातूला फक्त मऊ करते. जोडते ती ही हालचाल.

म्हणूनच हालचाल कमी-जास्त झाली की दोष राहतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले के. कुमार आणि सतीश कैलास यांचा २००८ सालचा अभ्यास इथे फार उलगडा करतो. त्यांनी एकाच सांध्यात अवजाराचा पत्र्याशी असलेला संबंध हळूहळू वाढवत नेला, म्हणजे आरंभी खांद्याचा स्पर्श कमी आणि शेवटी पूर्ण. मग जागोजागी छेद घेऊन पाहिले. त्यांना दोन वेगळे प्रवाह आढळले: एक खुंटीने चालवलेला, दुसरा खांद्याने चालवलेला. हे दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात तेव्हाच सांधा निर्दोष होतो. सांध्याचा छेद घासून, ॲसिड लावून पाहिला तर त्यात कापलेल्या कांद्यासारखी कडी दिसतात. त्यांचे मूळही या दोन प्रवाहांच्या मिसळण्यात आहे. या कड्यांमधले अंतर अवजार एका फेऱ्यात जेवढे पुढे सरकते तेवढे असते. मिनिटाला ६०० फेरे आणि १२० मिलिमीटर चाल असेल तर दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर. आपल्या राज्यातही, हैदराबादच्या डिफेन्स मेटलर्जिकल रिसर्च लॅबोरेटरीत, या सांध्यांवर संशोधन झालेले आहे.

दोषांचे तीन प्रकार समजून घेऊ. अवजार फार वेगाने पुढे नेले किंवा दाब कमी पडला, तर धातू पुरेसा मऊ होत नाही, आणि शेवटी भरणारा तो चालत्या बाजूचा कोपरा रिकामाच राहतो. सांध्याच्या पोटात लांबच लांब बोगदा तयार होतो. वरून खांद्याने सगळे गुळगुळीत सारवलेले असते. उलट, फार फिरवले, फार दाबले, तर धातू कडेने पापुद्र्यासारखा बाहेर येतो आणि सांधा पातळ होतो. तिसरा दोष सर्वांत फसवा. खुंटी थोडी आखूड पडली तर अगदी तळाचा थर मळलाच जात नाही. तिथे दोन्ही कडा दाबाने चिकटतात, पण कातडी न मोडता मध्येच राहते. इंग्रजीत याला ‘किसिंग बाँड’ म्हणतात. आपण टेकलेला सांधा म्हणू. पाणी गळत नाही, एक्स-रेतही तो सहज दिसत नाही, आणि भार आला की तिथूनच उघडतो. माझ्या हातातल्या पातेल्याच्या तुकड्यावर जो पट्टा होता, तो वितळवून केलेल्या सांध्यातला, पण जात हीच.

आज ही रीत मोठमोठ्या कामांत आहे. अंतराळयानांच्या इंधनटाक्या, जपानमधले रेल्वेचे डबे, जहाजांचे पत्रे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीखालच्या थंडाव्याच्या पट्ट्या, इतकेच काय २०१२ सालच्या आयमॅक संगणकाची कडसुद्धा. म्हणून आता सगळे वेल्डिंग सोडून हेच करावे का? नाही. यंत्र महाग असते, पत्रे फार घट्ट आवळावे लागतात, सांधा सरळ किंवा सुबक वळणाचा असेल तरच सोपे जाते. अवजार शेवटी बाहेर काढले की खुंटीचे भोक उरते, त्याची वेगळी सोय करावी लागते. उष्णतेने कठीण केलेल्या मिश्रधातूंत सांध्याचा गाभा सुधारला तरी शेजारचा तापलेला पट्टा नरम पडतो आणि सांधा पुष्कळदा तिथे तुटतो. आणि आपल्या बाजारात फुटके पातेले घेऊन गेले तर कोणी ते असे जोडून देणार नाही.

तरीही हे समजून घेण्याचा उपयोग आहे. त्या दिवसापासून मी ओळखीच्या घरांत तीन गोष्टी सांगत आलो आहे. पाणी न गळणे ही फटीची परीक्षा आहे, बळाची नव्हे. जोडलेले पातेले धान्य ठेवायला, पाणी साठवायला वापरावे. उकळते अन्न भरून दोन माणसांनी उचलण्यासाठी नव्हे. आणि बुडाजवळ किंवा कड्यापाशी एकदा तडा गेलेले पंगतीचे पातेले दुरुस्त न करता मोडीत द्यावे. नव्याची किंमत चार घरांनी वाटून घेतली तरी चालेल.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, अजूनही पंगती वाढतो. मध्यंतरी एका कार्यात भेटला. चुलवणावरच्या पातेल्याखाली हात घालण्याआधी तो वाकून बुडाच्या कडेवरून बोट फिरवत होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, “डॉक्टर, हे नवे आहे. मी बघून घेतले.”